त्या ट्रेनरचं नाव

मेलबर्नमधली मे महिन्यातली शनिवारची सकाळ. आठ वाजलेले असतात, ऊन नावालाच, गवतावर एवढं दव की मैदान ओलांडेपर्यंत मोजे भिजून चिंब होतात, आणि पोरं मात्र हाफ पँटीत उड्या मारत असतात. मुलाच्या अंडर ट्वेल्व्हच्या फुटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या टीमची मी ट्रेनर आहे. ट्रेनर म्हणजे शिकवणारी नव्हे हं, शिकवायला कोच असतो. ट्रेनर म्हणजे घोटे टेपने बांधून देणारी, नाकातून रक्त आलं की कापूस घेऊन धावणारी, पोटरीत गोळा आला की चोळून देणारी, कुणाची तरी आई नाहीतर बाबा. फर्स्ट एडचा कोर्स केला, अंगावर ते पट्ट्यांचं जॅकेट चढवलं, झालं. मला ते काम आवडतं. एक तर त्या तेलाचा वास, निलगिरी आणि कापराचा मिळून जो येतो तो, मला थेट लहानपणच्या सर्दीच्या रात्रींत नेतो, आणि दुसरं म्हणजे अकरा वर्षांची पोरं आईला हल्ली हात लावू देत नाहीत पण ट्रेनरला पाय देतात, बिनधास्त, चिखलासकट.

तर मागच्या वर्षी डग निकोल्स राऊंडचा आठवडा होता. दरवर्षी मेअखेरीला असतो, मोठ्या लीगमधले सगळे क्लब त्या दिवसांत अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी चित्रकारांनी काढलेल्या नक्षीचे जम्पर घालतात आणि छोट्या क्लबांतही त्याची थोडी हवा असते. मॅचच्या आधी कोचने पोरांना गोल करून बसवलं आणि डग निकोल्सची गोष्ट सांगितली, तीनचार वाक्यांतच, कारण थंडी वाजत होती. की हा छोट्या चणीचा, विजेसारखा पळणारा मुलगा 1927 साली मोठ्या लीगमधल्या कार्लटन क्लबात ट्रायलला आला आणि तिथल्या ट्रेनरने त्याला मालिश करायला नकार दिला, का तर तो काळा होता. म्हणून तो तिथून निघून गेला आणि पुढे मोठा झाला. मी बाजूला गुडघ्यावर बसून एका पोराचा घोटा बांधत होते. त्या पोराने खाली माझ्या हातांकडे बघितलं आणि कोचला विचारलं, त्या ट्रेनरचं नाव काय होतं?

कोच म्हणाला, माहीत नाही रे. आणि शिट्टी झाली.

माझ्या हातातला टेप मात्र तिथेच थांबला होता, अर्धा गुंडाळलेला. पोराने पाय हलवून आठवण करून दिली तेव्हा मी पुढे बांधला.

तो प्रश्न काही डोक्यातनं जाईना. घरी येऊन चिखलाचे बूट धुताना, मग रात्री भांडी लावताना, दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये, सारखा तोच. मग मी वाचायला लागले, लायब्ररीतून पुस्तकं आणली, जुनी वर्तमानपत्रं ऑनलाइन वाचली. इथे येऊन सतरा वर्षं झाली तरी फुटी या खेळाचा इतिहास म्हणजे आपल्याला न लागणारी गोष्ट अशी माझी पक्की समजूत होती, ऑफिसमध्ये सोमवारी सकाळी सगळे बोलतात तेव्हा हसून मान हलवायची एवढंच. आणि आता मी दोन महायुद्धांच्या मधल्या काळाच्या मागे लागले ते एका माणसाच्या हातासाठी, ज्याचं नाव मी जे जे वाचलं त्यात कुठेच आलं नाही.

डग निकोल्स मरे नदीच्या काठावरच्या कमेरागंजा मिशनवर, अ‍ॅबोरिजिनल लोकांना ठेवलेल्या वस्तीत, 1906 साली जन्मला, योर्टा योर्टा लोकांमधला. तो लहान असताना पोलीस येऊन त्याच्या मोठ्या बहिणीला घेऊन गेले, सरकारी होममध्ये, घरकामाला तयार करण्यासाठी. मुली उचलून नेणं हा तेव्हाचा कायदाच होता. मिशनवरच्या पोरांचं फुटबॉल मात्र आसपासच्या गोऱ्या गावांना हवं असायचं, कारण ती पोरं जिंकून द्यायची. निकोल्सची उंची पाच फूट दोन इंच, म्हणजे माझ्याएवढी. हे वाचलं तेव्हा का कुणास ठाऊक मी आरशासमोर जाऊन उभी राहिले. एवढ्याशा उंचीचा माणूस या खेळात, जिथे सहा सहा फुटी लोक एकमेकांच्या खांद्यावर गुडघे रोवून चढतात आणि आकाशातनं बॉल काढतात. त्या काळात साऊथ मेलबर्नचा रॉय कॅझली छपराला बॉल टांगून उडीचा सराव करायचा म्हणतात, आणि मैदानात त्याचा जोडीदार ओरडायचा, अप देअर कॅझली! ती आरोळी पुढे दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या तोंडी होती. तर असा हा उंचांचा खेळ, आणि निकोल्स विंगवर, जमिनीलगत, सगळ्यांच्या हातांखालून निसटणारा.

आणि हा सगळा खेळच मुळी अंगाला अंग लागण्याचा. माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त घोळतं ते हेच. टॅकल म्हणजे दुसऱ्याला कवटाळून खाली पाडायचं, एकमेकांचा घाम, थुंकी, रक्त, चिखल सगळं एक होतं. 1927 ची ग्रँड फायनलच बघा, एवढा पाऊस होता की कॉलिंगवूडने अख्ख्या मॅचमध्ये दोन गोल केले आणि रिचमंडने एक, स्कोअर 25 विरुद्ध 13, ग्रँड फायनलमधला सगळ्यात कमी. चिखलात लोळलेल्या त्या 36 जणांमध्ये कोण कुणाला शिवलं याचा हिशेब कुणी ठेवायचा? मैदानावर काळ्या माणसाचा खांदा छातीवर बसला तर चालतं. चालत नाही ते खोलीत, लाकडी बाकावर, जिथे एक माणूस आडवा पडतो आणि दुसरा तळहातावर तेल घेऊन त्याच्या मांड्या चोळतो. काम करून घेताना चालतं. आराम द्यायची वेळ आली की नाही चालत.

हे वाक्य लिहिलं आणि मला आजोळ दिसलं.

आजोळ वाईजवळच्या एका गावात. मागच्या दारी, न्हाणीघराच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात एक कप उपडा घातलेला असायचा. बशी नाही, नुसता कप. लाकडं फोडायला एक म्हातारे गृहस्थ यायचे, डोक्याला मुंडासं, पायांत टायरच्या चपला. आम्ही पोरं पायरीवर बसून बघायचो, कुऱ्हाड वर जाताना त्यांच्या छातीतनं हुं असा आवाज यायचा आणि ओंडका दोन होऊन पडायचा, ओल्या लाकडाचा तो आंबूस वास अजून नाकात आहे. काम झालं की ते कोनाड्यातला कप स्वतः काढायचे, स्वतः विसळायचे, आणि आजी वरनं, हात उंच धरून, चहा ओतायची. धार बारीक, एक थेंब बाहेर पडायचा नाही. मला ती आजीची हातोटी वाटायची, मी तसं ओतायचा प्रयत्न करायचे आणि सांडायचे. 1985-86 साल असेल. त्यांनी फोडलेली लाकडं घरात यायची, चुलीत जायची, त्यावर आमचा भात शिजायचा, देवाचा नैवेद्यही त्याच आगीवर. लाकडांना काही झालेलं नव्हतं. कपाला झालेलं होतं.

आजी प्रेमळ होती. हे मला लिहायलाच हवं, कारण खरं आहे. त्या गृहस्थांचा मुलगा आजारी पडला तेव्हा तिने पैसे दिले होते, परत मागितले नाहीत. रविवारी मला न्हाऊ घालताना तिचे हात इतके मऊ लागायचे की मी डोळे मिटून घ्यायचे. तेच हात. आणि म्हणूनच कार्लटनचा तो ट्रेनर मला राक्षस म्हणून डोळ्यांपुढे आणता येत नाही. मला तो एक चांगला माणूस दिसतो. दिवसभर कुठल्यातरी कारखान्यात राबून संध्याकाळी क्लबमध्ये येणारा, पोरांच्या दुखऱ्या पोटऱ्या अंगठ्याने नेमक्या जागी दाबणारा, पोरं ज्याच्याकडे पाय देऊन निवांत डोळे मिटत असतील असा.

त्या काळाची हवा मला कळली ती आमच्या जुन्या शेजारीणबाईंमुळे. आम्ही नॉर्थकोटला भाड्याने राहायचो तेव्हा त्या पलीकडच्या घरात, नव्वदीच्या, एकट्या. आता नाहीत. त्यांचं लहानपण फिट्झरॉयच्या अरुंद गल्ल्यांमध्ये गेलं, मंदीच्या दिवसांत. वडील बेकार, सरकारी मदतीवर, तिला लोक ससो म्हणायचे, पावाला चरबी लावून खायची. त्या वर्षांत देशातला जवळजवळ प्रत्येक तिसरा कामगार घरी बसलेला होता. पण शनिवारी दुपारी, बाई सांगायच्या, वडील दाढी करायचे. आठवड्यातनं एकदाच. शर्टाची कॉलर उलटी करून शिवलेली असायची, तीच इस्त्री करून घालायचे, आणि निघायचे फिट्झरॉयच्या ग्राउंडवर. परत यायचे ते घसा बसलेला, आणि जिंकलं असेल तर स्वयंपाकघरात खुर्चीवर चढून सगळा शेवटचा क्वार्टर करून दाखवायचे. बाई हे सांगताना स्वतः नव्वदीच्या, हात वर करून दाखवायच्या, मार्क, म्हणजे बॉलचा झेल, कसा घेतला ते.

मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं, चहा पीत. आता वाटतं किती प्रश्न विचारायचे राहिले.

तो फार गरिबीचा आणि म्हणून फार घट्ट बांधलेला काळ होता. एकेका उपनगराचा एकेक क्लब, 1925 मध्ये फुटस्क्रे, हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्न आत आल्यावर लीगमध्ये बारा क्लब झाले, आणि माणूस कुठल्या गल्लीत जन्मला त्यावर त्याचे रंग ठरायचे. कॉलिंगवूडने 1927 ते 1930 अशा सलग चार प्रीमियरशिप जिंकल्या, अजून कुणाला जमलेलं नाही. त्यांचा कोच जॉक मॅकहेल स्वतः दारूच्या भट्टीत नोकरी करणारा, आणि तिथे स्टार असो नाहीतर नवखा, सगळ्यांना सारखे पैसे. आठवड्याला तीन पौंड. 1928 मध्ये कमिटीने त्यातले दहा शिलिंग कापायचं काढलं तर पोरं सिड कॉव्हेंट्रीच्या मागे उभी राहून संपावर जायला निघाली, आणि कमिटीला माघार घ्यावी लागली. पुढे 1930 मध्ये लीगनेच कायदा केला की मॅचमागे तीन पौंडांहून जास्त कुणाला द्यायचे नाहीत, मग साऊथ मेलबर्नच्या अध्यक्षाने, आर्ची क्रॉफ्ट्सने, वेगळी वाट काढली. त्याची किराणा दुकानांची साखळी होती. दुसऱ्या राज्यांतनं चांगले खेळाडू आणायचे आणि त्यांना दुकानात नोकरी द्यायची. मंदीत नोकरी म्हणजे पैशांहून मोठी गोष्ट. त्या टीमला लोक फॉरेन लीजन म्हणायचे, 1933 ची फायनल ते जिंकले आणि बघायला 75,754 माणसं होती. पुढच्या वर्षी त्यांच्याच बॉब प्रॅटने एका सीझनमध्ये 150 गोल मारले. आणि त्याच्या पुढच्या वर्षी फायनलला दोन दिवस असताना ट्राममधनं उतरताना त्याला विटांच्या ट्रकने धडक दिली आणि टीम हरली. शेजारीणबाईंना ते नीट आठवत होतं, म्हणाल्या, आमच्या गल्लीत साऊथचं एकच कुटुंब होतं, पण त्या दिवशी सगळ्यांनाच वाईट वाटलं.

हे सगळं वाचताना मला गहिवरून येतं, खोटं कशाला सांगू. ज्यांच्याकडे काही नाही त्यांनी आपापल्या गल्लीचं म्हणून जे काही धरून ठेवलं होतं ते मला ओळखीचं वाटतं. गिरणगावातल्या मंडळांच्या कबड्डीसारखं. पण मग डॅन मिनोगची गोष्ट येते. हा कॉलिंगवूडचा कॅप्टन, पहिल्या महायुद्धावरून परत आला आणि म्हणाला मला आता रिचमंडकडून खेळायचंय. कॉलिंगवूडने सोडपत्र दिलं नाही, तो एक वर्ष नुसता बसून राहिला, मग 1920 मध्ये रिचमंडचा कॅप्टन आणि कोच झाला आणि फायनलमध्ये कॉलिंगवूडलाच हरवून प्रीमियरशिप घेऊन गेला. आणि कॉलिंगवूडच्या क्लबात त्याचा फोटो होता तो, सांगतात, भिंतीकडे तोंड करून लावला. काढला नाही. उलटा लावला, म्हणजे रोज दिसावं की इथे कुणीतरी होता आणि आता तो आपल्यात नाही. कोनाड्यातला उपडा कप मला परत आठवला. मिनोगने निदान काहीतरी केलं होतं, स्वतः निवडून गेला होता. ज्याने काहीच केलेलं नाही, नुसता जन्माला आलाय, त्याच्याकडे आधीपासूनच पाठ. आपलं म्हणून जे ऊबदार असतं त्याच्याच दाराला कडी असते, आणि आतल्या माणसाला ऊबच जाणवते फक्त.

1927 हे साल मला फार टोचतं. मार्चमध्ये महाडला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. आणि त्याच सुमाराला, सीझन सुरू व्हायच्या आधी, हा एकवीसही पूर्ण न झालेला पोरगा कार्लटनच्या खोलीत बाकावर बसून आपली पाळी यायची वाट बघत असणार. टीममधल्यांनी म्हणे वासाची तक्रार केली होती. एकमेकांना हे माहीत असायचं कारण नव्हतं, महाड आणि कार्लटन. पण मला दोन्ही माहीत आहेत आणि माझ्या डोक्यात ती दोन दृश्यं आता एकमेकांच्या शेजारीच राहतात. त्यांच्या जोडीला पुण्याचं तिसरं, आणखी जुनं. पाळवणकर बाळू, चांभाराचा मुलगा, डावखुरा स्पिनर, ज्याने 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट काढल्या. त्याच्या बोलिंगवर पुण्याचे हिंदू मॅच जिंकायचे, बॉल त्याच्या हातातनं सगळ्यांच्या हातात फिरायचा, आणि टी टाइमला त्याचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात, वापरून फेकून द्यायच्या. बॉल चालायचा. कप नाही. त्याचा भाऊ विठ्ठल 1923 मध्ये हिंदूंचा कॅप्टन झाला, तिथवर पोचायला एका घराला किती वर्षं घालवावी लागली.

निकोल्स कार्लटनहून निघाला तो नॉर्थकोटला गेला, दुसऱ्या, खालच्या असोसिएशनमध्ये. तिथे लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, 1929 मध्ये ते प्रीमियर झाले. हिवाळा संपला की तो पैशांच्या शर्यती पळायचा, शार्मनच्या तंबूत बॉक्सिंगही केलं, जत्रेत लोक तिकीट काढून बघायचे तसलं. पोटासाठी. आणि 1932 मध्ये फिट्झरॉयने बोलावलं, मोठ्या लीगमध्ये, कार्लटनच्या बरोबरीच्या क्लबात. पाच वर्षांनी परत तसलीच खोली, तसलेच बाक, तोच तेलाचा वास. पहिल्या दिवशी तो एका कोपऱ्यात एकटाच जाऊन बसला म्हणतात. बसणारच. आणि फिट्झरॉयचा सगळ्यात मोठा खेळाडू, हेडन बंटन, ज्याने पहिल्याच सीझनला लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो मेडल घेतलं होतं, देखणा, सगळ्या मेलबर्नचा लाडका, तो उठला आणि आपलं सामान घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसला आणि कपडे बदलायला लागला.

बस एवढंच. भाषण नाही काही नाही.

बंटनने तीन ब्राउनलो मेडल घेतली, 1931, 1932 आणि 1935, मग पर्थला जाऊन तिथलं तसंच मेडल आणखी तीनदा. मला त्यातलं काही पाठ राहणार नाही, पण ते उठून येणं राहील. आणि त्याच वेळी मनात येतं की आपल्याला बंटन व्हायला आवडतं, गोष्ट ऐकताना प्रत्येक जण मनातल्या मनात सामान उचलून त्या कोपऱ्यात जाऊन बसतो. ट्रेनर कुणी होत नाही. त्या खोलीत बंटन एक होता आणि बाकीचे वीसेक जण होते जे बसूनच राहिले, बुटाच्या नाड्या बांधत, बघून न बघितल्यासारखे. मी पायरीवर बसून लाकडं फोडताना बघत होते तशी.

एका रविवारी मी एकटीच एडिनबरा गार्डन्सला गेले, फिट्झरॉयचं ते जुनं ग्राउंड तिथे आहे. 1888 चा लाकडी स्टँड अजून उभा, नक्षीचं लोखंड, रंगवलेलं. मोठ्या लीगमधला तो क्लब राहिला नाही, 1996 च्या सीझननंतर ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला, आता लोक कुत्री फिरवतात, पोरं सायकली शिकतात. मी वर जाऊन बाकावर बसले. शेजारीणबाईंचे वडील इथेच कुठेतरी उभे असणार दाढी करून. एकदा मी बाईंना विचारलं होतं की तुम्ही निकोल्सला बघितलंय का, तर त्या म्हणाल्या होत्या, हो, वडिलांच्या खांद्यावर बसून, आणि मग जरा थांबून म्हणाल्या, वडील त्याला एका नावाने हाक मारायचे, प्रेमाने हं, पण ते नाव मी आता तुला सांगणार नाही. आणि त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं. स्टँडमध्ये बसल्यावर कळलं की त्या बाई नव्वद वर्षांच्या होऊनही वडिलांना वाचवत होत्या आणि तरी खोटंही बोलत नव्हत्या. मला हे जमेल का आजीच्या बाबतीत, माहीत नाही. हा लेख लिहिते आहे म्हणजे बहुतेक नाही जमलं.

निकोल्स पुढे 1935 मध्ये व्हिक्टोरियाच्या टीमकडून खेळला, तिथवर पोचलेला पहिला अ‍ॅबोरिजिनल माणूस. फिट्झरॉयसाठी 54 मॅच. मग पाद्री झाला, आपल्या लोकांच्या हक्कांसाठी आयुष्यभर झगडला, 1939 मध्ये कमेरागंजाची माणसं मिशनच्या कारभाराला कंटाळून नदी ओलांडून निघून आली तेव्हा त्यांच्या बाजूने उभा राहिला, 1972 मध्ये सर झाला आणि 1976 मध्ये साऊथ ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर. पार्लमेंटजवळच्या बागेत त्याचा आणि त्याच्या बायकोचा पुतळा आहे, मी ऑफिसला जाताना कितीदा तिथून गेलेय, कधी थांबले नव्हते. आता थांबते. त्याचे हात बघते.

मग मी आईला फोन केला. पुण्यात तेव्हा दुपार, ती नुकती वामकुक्षी करून उठलेली. म्हटलं, आई, आजोळी मागच्या दारी एक कप असायचा आठवतो का. ती म्हणाली, कुठला कप? लगेच म्हणाली, इतकं लगेच की मला कळलं. मी म्हटलं, कोनाड्यातला. मग बराच वेळ काही नाही, नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाली, कान तुटलेला होता, तोच ना. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, तेव्हा तसंच होतं गं, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. मी म्हटलं, माहितेय. आणि मला खरंच माहीत होतं, आणि त्याने काही बरं वाटलं नाही. मग मी विचारलं, त्यांचं नाव काय होतं?

आईला आठवेना. ती मनापासून आठवत होती, मला तिच्या श्वासावरनं कळत होतं. म्हणाली, आम्ही बाबा म्हणायचो गं. मुलाचं नाव आठवतंय का विचारलं तर तेही नाही. म्हणाली, थांब, तुझ्या मामाला विचारते, तो गावात जास्त राहिलाय.

आणि मी फोन ठेवून तशीच बसले, कारण माझ्या लक्षात आलं की कार्लटनला जे झालं त्याच्या बरोबर उलट आमच्याकडे झालंय. तिथे ज्याला शिवले नाहीत त्याचं नाव राहिलं, ते आता खेळाच्या अख्ख्या आठवड्याला दिलंय, आणि ज्याने शिवायला नकार दिला तो पुसला गेला. आमच्याकडे आजीचं नाव घरावरच्या पाटीवर आहे, मामाने संगमरवरात कोरून घेतलंय. आणि ज्यांनी लाकडं फोडली त्यांचं नाव मला नाही, आईला नाही. माझ्या टीममधल्या पोराने उद्या मला विचारलं, तर आमच्याकडच्या ट्रेनरचं, म्हणजे आजीचं, नाव मी चटकन सांगू शकते. दुसऱ्या माणसाचं नाही सांगता येणार.

पुढच्या शनिवारी पाऊस होता, आडवा, थंडगार. चेंजिंग रूममध्ये ओल्या जम्परांचा वास, पोरांचा आरडाओरडा. तो प्रश्न विचारणारा पोरगा आला आणि बाकावर बसून त्याने पाय पुढे केला, डावा, नेहमीचा. मी हात चोळून गरम केले आणि बांधायला घेतलं. तो म्हणाला, थोडं घट्ट. मी म्हटलं, एवढं? तो म्हणाला, अजून थोडं. आणि मग कुणाशी तरी बॉलवरून भांडायला लागला, पाय माझ्या मांडीवर तसाच ठेवून.

संध्याकाळी मामाचा मेसेज आला होता. नाव त्यालाही आठवत नव्हतं, गावात दोघातिघांना विचारलं म्हणे, सगळे म्हातारे गेले आता. पण कप चांगला आठवतोय, त्याने लिहिलं होतं, निळ्या फुलांचा होता, सोलापूरहून आणलेल्या सहाच्या सेटमधला, बाकीचे पाच अजून घरात आहेत.